ग्राफिक्स कार्ड तापतंय, घरघरतंय? नागपूरच्या उन्हाळ्यात स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी हे करून पाहा

मे महिना होता. गेम सुरू केला की पाच मिनिटांत माझ्या पीसीतून घरघर यायची, दहा मिनिटांत तिची शिट्टी व्हायची आणि मग स्क्रीन अडखळायला लागायची. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "भरदुपारी मिक्सर कोणी लावला रे?" बर्डीवरच्या एका दुकानात फोन केला. पलीकडच्याने कार्ड न बघताच निदान केलं, "पेस्ट सुकली असेल, बदला." पेस्ट म्हणजे चिपची उष्णता तिच्यावरच्या धातूच्या ठोकळ्याकडे नेणारं मलम. मी त्याच रात्री कार्ड खोललं.

पेस्ट ठणठणीत होती. पण खोलताना मी जे बिघडवलं ते निस्तरायला तीन आठवडे गेले, आणि मूळ दुखणं कार्डाच्या आत नव्हतंच. तुमचे ते तीन आठवडे वाचावेत म्हणून हे लिहितोय. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्यात त्याच क्रमाने करा. मी आठव्या पायरीपासून सुरुवात केली होती.

सामान काय लागेल

पहिल्या पाच पायऱ्यांना जवळपास काहीच लागत नाही. भिंतीवर लावायचा साधा थर्मामीटर, वही-पेन आणि दोन फुकट प्रोग्राम पुरतात: तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो आणि कार्डाचा पंखा, वीज कमी-जास्त करणारा एमएसआय आफ्टरबर्नर. आफ्टरबर्नर कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतो, नावावर जाऊ नका.

सफाईसाठी फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, रंगकामाचा मऊ ब्रश आणि हवेचा ब्लोअर लागेल. ब्लोअर इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो वर्षानुवर्षे टिकतो, त्यामुळे हवेचे डबे पुन्हा पुन्हा विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडतो. पेस्ट, पॅड (मेमरी चिपांवर बसणारे, उष्णता वाहून नेणारे मऊ तुकडे) आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल आत्ता घेऊ नका. घरात आणून ठेवलं की हात शिवशिवतात.

१. आधी खोलीचं तापमान बघा, मग कार्डाचं

यूट्यूबवर कोणी तरी सांगतो की त्याचं कार्ड ६५ अंशांवर चालतं. तो कुठे बसलाय ते बघा. त्याच्या खोलीत २० अंश आहेत, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ आणि कूलर बंद असेल तर खोलीत ३८ असतात. कार्डाचा पंखा खोलीतलीच हवा ओढतो, त्यामुळे कार्ड खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली जितके अंश वर जाते, साधारण तितकेच अंश कार्डही वर जातं.

म्हणून नुसतं कार्डाचं तापमान लिहू नका, त्यातून खोलीचं वजा करून फरक लिहा. डिसेंबरात खोली २४ आणि कार्ड ६६ असेल तर फरक ४२. मे महिन्यात खोली ३८ आणि कार्ड ८० असेल तरी फरक ४२च. म्हणजे कार्डाला काही झालेलं नाही, तापलंय ते नागपूर. पण मे महिन्यात कार्ड ९० दाखवत असेल आणि पंखे आधीपेक्षा जोरात फिरत असतील, तर फरक ५२ झाला, आणि मग शोध घ्यायलाच हवा.

थर्मामीटर कॅबिनेटपासून हातभर लांब, हवा आत जाते त्या बाजूला ठेवा. कूलरच्या झोतात ठेवलात तर आकडा खोटा येईल. सेन्सर कुठे आहे आणि कसा आहे यावर सगळं असतं. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते, सगळीकडे बोंब झाली, आणि नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. एखादा आकडा फारच विचित्र वाटला तर दुसऱ्या प्रोग्रामवर पडताळून घ्या.

२. कार्डाचे तीन आकडे

एचडब्ल्यूइन्फो उघडा, फक्त सेन्सर दाखवण्याचा पर्याय निवडा आणि खाली ग्राफिक्स कार्डाच्या भागात जा. आकड्यांची जत्रा दिसेल, घाबरू नका. तीनच बघायचे.

जीपीयू टेंपरेचर म्हणजे चिपचं सर्वसाधारण तापमान. हॉटस्पॉट म्हणजे त्याच चिपवरचा सर्वांत तापलेला बिंदू. मेमरी जंक्शन म्हणजे आजूबाजूच्या मेमरी चिपांचं तापमान, हा आकडा काही कार्डांतच दिसतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेत हॉटस्पॉट दाखवत नाहीत, तुमचं कार्ड त्यातलं असेल तर तो शोधत बसू नका.

मर्यादा कंपनी आणि मॉडेलप्रमाणे बदलते. आरटीएक्स ३० मालिकेतल्या बहुतेक कार्डांना ९३ अंशांची मर्यादा दिलेली आहे. एएमडीच्या अलीकडच्या कार्डांत हॉटस्पॉट ११० पर्यंत जाणं कंपनीच्या हिशेबात बसतं. मर्यादा आली की कार्ड जळत नाही, ते आपला वेग कमी करतं. स्क्रीन अडखळते ती त्यामुळे.

सगळ्यांत बोलका आकडा म्हणजे जीपीयू आणि हॉटस्पॉट यांतलं अंतर. १० ते २० अंश असेल तर हीटसिंक, म्हणजे चिपवरचा धातूच्या पात्यांचा ठोकळा, नीट चिकटलेला आहे. ३० च्या पुढे गेलं तर पेस्ट किंवा बसवणीवर संशय घ्या. मी कार्ड खोलण्याआधी माझं अंतर १३ होतं. हे तेव्हा बघितलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

चाचणीसाठी नेहमीचाच गेम, त्यातली एकच जागा, २० मिनिटं. फरमार्क हा चाचणीचा प्रोग्राम कार्डावर कोणत्याही गेमपेक्षा जास्त ताण टाकतो. त्याचे आकडे बघून लोक उगाच हादरतात.

३. आवाज नेमका कशाचा?

या पायरीला वेळ द्या. सगळ्यांत जास्त पैसे इथेच वाचतात.

आफ्टरबर्नर उघडा. पंख्याच्या पट्टीवरचा ऑटो बंद करा आणि गेम न लावता पंखा ३० टक्क्यांवर आणा, मग ५०, ७०, १००. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबा आणि वहीचा कागद गुंडाळून केलेली नळी कानाला लावून ऐका. एक टोक कानाशी, दुसरं कार्डाच्या एकेका पंख्यासमोर, पण पात्यांपासून चार बोटं लांब. माझ्या कार्डाचा डावा पंखा ५५ टक्क्यांच्या आसपास "टर्र" करायचा आणि ६५ ला गप्प व्हायचा. उजवा तोंडातून शब्द काढत नव्हता. कॅबिनेटबाहेरून ऐकताना मला तो आवाज पॉवर सप्लायचा वाटला होता.

आता अर्थ लावू.

पट्टी हलवली की आवाज बदलतो: पंखा. नुसती हवेची सूं सूं असेल तर तो दोष नाही, वेग जास्त आहे. टकटक किंवा टर्र असेल तर आधी एखादी वायर पात्याला घासतेय का बघा. नसेल तर बेअरिंग झिजलंय.

पट्टी हलवून काही बदलत नाही, पण गेमचे एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) वाढले की बारीक, कानात घुसणारी चीं चीं येते: ही कॉइल व्हाइन. कार्डावरच्या कॉइलमधून वेगाने कमी-जास्त होणारा करंट जातो, त्याने तिचे वेढे थरथरतात. गेमच्या मेनूत ती सर्वांत जास्त ऐकू येते, कारण तिथे चित्र सोपं असतं आणि कार्ड सेकंदाला चारशे-पाचशे फ्रेम ओतत बसतं. उपाय फुकट आहे. मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा असेल तर एफपीएसवर १४४ ची मर्यादा घाला. कॉइल व्हाइनने कार्ड मरत नाही.

दोन्हींनी काही बदलत नाही: मग आवाज कार्डाचा नाहीच. कॅबिनेटचे पंखे, पॉवर सप्लाय, जुनी हार्ड डिस्क असेल तर ती, एकेक करून ऐका.

साधं काम चालू असताना कार्डाचे पंखे पूर्ण थांबलेले दिसले तर बिघडले म्हणून पळू नका. बहुतेक नवी कार्डं ५०-६० अंशांपर्यंत पंखा फिरवतच नाहीत, आणि उन्हाळ्यात ते त्याच उंबरठ्यावर चालू-बंद, चालू-बंद करत राहतात. त्यावरचा उपाय सातव्या पायरीत.

पंख्यात तेल टाकण्याबद्दल: शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब काही पंख्यांना थोडे महिने गप्प करतो. खोबरेल मात्र टाकू नका. आपल्याकडे डिसेंबरात बाटलीतलं खोबरेल गोठतं, पंख्यातलंही गोठेल.

४. बाजूचं झाकण काढून एक फेरी

कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा आणि तीच २० मिनिटांची चाचणी पुन्हा करा. आकडा पाच-आठ अंशांनी उतरला तर कार्ड निर्दोष आहे, कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही. काहीच उतरला नाही तर सहाव्या पायरीकडे जा.

माझा अकरा अंशांनी उतरला होता. पण ही फेरी मी केली ती कार्ड खोलून, पुन्हा बसवून, रडकुंडीला आल्यावर.

झाकण कायमचं काढून ठेवू नका. धूळ, पाल आणि घरातलं लहान मूल, तिघांनाही आत जायला आवडतं.

५. टेबल आणि कूलर

माझं मूळ दुखणं हे होतं, आणि आपल्या शहरात ते अनेकांचं असणार.

माझा पीसी कॉम्प्युटर टेबलाच्या त्या खणात होता, जो सीपीयूसाठी म्हणूनच बनवलेला असतो. तीन बाजूंनी प्लायवूड, मागे हाताएवढं भोक. या खणाची रचना वीस वर्षांपूर्वीच्या पीसीसाठी ठीक होती. १७० वॅटचं कार्ड आणि वर प्रोसेसर, म्हणजे तुम्ही लाकडी पेटीत छोटा हीटर लावून ठेवताय. पेटीतली गरम हवा पुन्हा पुढून आत ओढली जाते.

त्यात कूलर. खिडकीतला कूलर टेबलाच्या बरोबर मागे होता. मला वाटायचं, वा, गार हवा थेट पीसीला! मावसभाऊ सक्करदऱ्याहून आला होता. त्याने टेबलाच्या मागे हात घातला आणि म्हणाला, "अबे, पीसी मागून हवा फेकून राहिला अन् तू मागूनच कूलर मारून राहिला. जाईल कुठं ती?" कॅबिनेट पुढून हवा घेतं आणि मागून सोडतं. माझा कूलर मागच्या पंख्याच्या तोंडात हवा कोंबत होता.

दुसरी गोष्ट कूलरच्या गवताची. नवीन वुडवूल बसवलं की पहिले काही दिवस त्याचा बारीक भुसा उडतो. झोतासोबत पाण्याचे सूक्ष्म थेंबही येतात, बोअरचं पाणी असेल तर क्षारांसकट. भुसा, रस्त्यावरची सिमेंटची धूळ आणि ओल यांचा मिळून हीटसिंकच्या पात्यांत नमदा तयार होतो. माझ्या कार्डात तो बोटाच्या नखाएवढा जाड होता. चिमटीत धरून ओढला तर अख्खी पट्टी निघाली, गोधडीतला कापूस निघतो तशी.

तर करायचं काय: पीसी खणातून बाहेर काढा, टेबलावर किंवा छोट्या स्टुलावर ठेवा, जमिनीवर नको. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा. कूलरचा झोत खोलीत जाऊ द्या, पीसीवर नाही. समोरची खिडकी किंवा दार किलकिलं ठेवा, नाहीतर खोली दमट होते आणि कूलर गार करणं सोडतो. नवं वुडवूल लावल्यावर पहिला दिवस पीसी झाकून ठेवा, अर्थातच बंद करून.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सगळं थांबवा आणि आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, म्हणून लोक त्यात पाणी घालतात. कूलर आणि पीसी एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर ठेवू नका.

एवढं केल्यावर माझा फरक ५२ वरून ४४ वर आला. एक स्क्रूही न फिरवता.

६. धूळ काढणं

पीसी बंद करा, मागची वायर काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा. हात कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावा.

कार्ड स्लॉटमधून काढायचं असेल तर पॉवरचे कनेक्टर खटका दाबून काढा, मागचे स्क्रू काढा आणि स्लॉटच्या टोकाचा प्लास्टिकचा खटका दाबूनच कार्ड उचला. तो न दाबता ओढलं तर खटका किंवा स्लॉट तुटतो. बाल्कनीत घेऊन जा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं सोडलं तर पंखा त्याच्या ताकदीबाहेर फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. हीटसिंकच्या कडेने, पात्यांच्या दिशेने हवा मारा. चिकटलेली धूळ ब्रशने.

व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याच्या नळीशी स्थिर वीज तयार होते. पंक्चरवाल्याचा कंप्रेसरही नको. मित्राने तिथे नेलं होतं. त्या टाकीत पाणी साचलेलं असतं, ते जोराच्या हवेबरोबर कार्डावर येतं.

परत बसवताना कनेक्टर पूर्ण आत गेलाय हे डोळ्याने बघा. मोठ्या नव्या कार्डांचा १६ पिनांचा कनेक्टर अर्धवट बसून वितळल्याच्या घटना घडल्या आहेत.

७. सॉफ्टवेअरने थंड करणं

सर्वांत सोपं: आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिटची पट्टी १०० वरून ८० वर आणा. वीज पाचव्या हिश्शाने कमी होते, एफपीएस त्या मानाने फारच थोडे पडतात. बहुतेकांना गेममध्ये फरक कळतही नाही. मी मार्च ते जून हेच ठेवतो.

पंख्याची वक्ररेषा स्वतः आखता येते. माझी अशी आहे: ४५ अंशांना ३० टक्के, ६० ला ४५, ७० ला ६०, ८० ला ८५. पंखे सारखे चालू-बंद होत असतील तर त्याच पानावर हिस्टेरेसिसची जागा आहे, तिथे ४ किंवा ५ अंश घाला. म्हणजे तापमान तेवढं उतरल्याशिवाय पंखा मंद होत नाही.

अंडरव्होल्ट याच्या पुढची गोष्ट. कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेजची रेषा उघडते, त्यात कमी व्होल्टेजवर तोच वेग मिळवायचा असतो. प्रत्येक चिप वेगळी, त्यामुळे दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे टाकू नका. एकेक पायरी उतरा आणि दर वेळी तासभर खेळून बघा. एएमडीच्या कार्डांना हे कंपनीच्याच अॅड्रेनालिन प्रोग्राममध्ये करता येतं.

एक फसगत: पीसी पुन्हा सुरू केला की आफ्टरबर्नरची सेटिंग जाते. ती सुरुवातीलाच लागू करण्याचं बटण आहे, पण दोन-तीन दिवस सगळं सुरळीत चाललं तरच ते दाबा.

८. पेस्ट आणि पॅड, अगदी नाइलाज असेल तरच

इथे तेव्हाच या, जेव्हा धूळ काढलीय, हवा खेळतेय आणि तरी जीपीयू-हॉटस्पॉट अंतर ३० च्या पुढे आहे. वॉरंटी चालू असेल तर आधी नववी पायरी वाचा.

कार्ड दहा मिनिटं वापरून कोमट करा म्हणजे पेस्ट सैल होते. मग बंद करून काढा. प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या. चिपभोवतीचे चार स्क्रू एकदम न काढता तिरपे, थोडे थोडे सैल करा. हीटसिंक झटक्याने उचलू नका, पंख्यांच्या वायर आतून जोडलेल्या असतात आणि आखूड असतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट चिपच्या पूर्ण पृष्ठभागावर पसरा, कारण वर संरक्षक झाकण नसतं आणि कोपरा कोरडा राहिला तर तोच हॉटस्पॉट होतो.

आता पॅड. माझी चूक सांगतो. जुना पॅड काढताना फाटला. दुकानातून "चांगला जाड" म्हणून दीड मिलिमीटरचा आणला, मूळ एकचा होता. अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय, असं वाटलं. पण पॅड मेमरीवर बसतो, आणि तो जाड झाला की हीटसिंक उचलला जाऊन मुख्य चिपला नीट टेकत नाही. कार्ड चालू केलं, हॉटस्पॉट ११० च्या उंबरठ्यावर, अंतर ३४. मावसभाऊ बघून म्हणाला, "चांगलं होतं ते काहून उघडलं बे?" पॅड फाटला नसेल तर तोच ठेवा. फाटला असेल तर मॉडेलप्रमाणे जाडी शोधूनच नवा घ्या. एकाच कार्डात दोन वेगळ्या जाड्या असू शकतात.

९. दुकान किंवा सर्व्हिस सेंटर

बेअरिंग गेलेला पंखा आणि वॉरंटीतलं कार्ड, दोन्ही कामं दुसऱ्याकडे द्यावीत. जाताना बरोबर घ्या:

- खरेदीचं जीएसटी बिल, छापील आणि फोनमध्येही
- कार्डाचा डबा, त्यावरचा सीरियल नंबर दिसेल असा
- कार्डावरच्या सीरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो
- स्क्रूवर सील असेल तर ते शाबूत असल्याचा फोटो
- तुमची वही: खोलीचं तापमान, कार्डाचं, पंख्याचे टक्के
- आवाजाचा २०-३० सेकंदांचा व्हिडिओ

शेवटची गोष्ट विसरू नका. एसी लावलेल्या दुकानात २४ अंशांत कार्ड हमखास शहाण्यासारखं वागतं, आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो, "आवाज कुठे आहे?"

पंखा बदलायचा असेल तर जुन्या पंख्याच्या मधल्या स्टिकरवरचा नंबर, पिना आणि व्यास जुळवून घ्या. फक्त "दोन पंख्यांच्या कार्डाचा" असं सांगून मिळालेला पंखा माझ्या कार्डात बसला, पण वायरचा कनेक्टर लागला नाही.

मी आता होळीनंतर कूलर माळ्यावरून उतरवतो त्याच दिवशी पीसीची धूळ काढतो, आणि दुसऱ्यांदा दिवाळीच्या साफसफाईत. यंदा नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापल्या दिवसांतल्या, एका दुपारी वहीत नोंद केली: खोली ३५, कार्ड ७६, फरक ४१, पंखा ७५ टक्के. डावा पंखा ५५ वर अजूनही टर्र करतो. मी त्याला ५५ वर थांबूच देत नाही, वक्ररेषेत तेवढा टप्पा तिरका काढलाय.